मानेवर अंगठा

डिसेंबर लागला की सकाळच्या वेळी हैदराबाद रोडला गाडी घालायची नाही, हे सोलापूरकराला सांगावं लागत नाही. टेंपो, ट्रॅक्टर, आयशर, सगळ्यांवर कांद्याचे कट्टे. मोहोळ, बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा तर आहेच, पण कलबुर्गी आणि विजयपूरकडचाही माल इकडेच येतो. कांदा म्हटलं की लोक लासलगावचं नाव घेतात, ते बरोबरही आहे. पण लाल कांद्याच्या ऐन भरात एखाद्या दिवशी सोलापूरची आवक नाशिककडच्या बाजारांना मागे टाकते. त्या दिवशी तिथल्या बाजार समितीच्या यार्डात पाय ठेवायला जागा नसते आणि माल आणलेल्यांच्या तोंडावर रया नसते. आवक वाढली म्हणजे भाव पडला, हे गणित सगळ्यांनाच येतं.

मी इथल्या एका अडत दुकानात पट्ट्या लिहितो. वजन, भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडं आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात उरते ती रक्कम. काम आकड्यांचं, पण बसायची जागा अशी की वक्कल, म्हणजे लिलावाला काढलेला एकेकाचा ढीग, डोळ्यासमोरच ओतलेलं असतं आणि लिलावात खरेदीदार काय करतो ते रोज दिसतं. नवखा माणूस कांद्याचा रंग बघतो. मुरलेला खरेदीदार ढिगात कोपरापर्यंत हात खुपसतो, तळातला एक कांदा काढतो आणि त्याच्या मानेवर अंगठा दाबतो. मान सुकलेली, घट्ट मिटलेली असेल तर पुढचं बोलणं. अंगठा आत गेला की कांदा नाकाशी जातो. मग तो दोन्ही हातांनी दाबून फोडायचा, आतल्या पापुद्र्यांवर एक नजर टाकायची आणि टाकून द्यायचा. तोंडातून अजून शब्द गेलेला नसतो, पण मनातला भाव क्विंटलमागं शे-दोनशेनं खाली आलेला असतो. शेतकऱ्यानं त्या कांद्यामागं रोपवाटिकेपासून चार-साडेचार महिने घातलेले असतात.

रोज हे बघून माझं एक मत झालंय आणि ते आमच्या पाहुण्यारावळ्यांत कुणाला आवडत नाही. कांद्यावर पडणाऱ्या बहुतेक किडी-बुरशा दाराशी येऊन थांबलेल्या असतात. कडी आपण काढतो. आणि ती काढायची घाई आपल्याला करतो तो बहुतेक वेळा भाव.

मोहोळ तालुक्यातल्या आमच्या मामांचा फोन येतो तो थेट मुद्द्यावर. "लई रोग पडलाय बे. पात वाळूलालीय." कसला रोग, म्हटलं की म्हणतात, "आता रोग म्हणजे रोगच की!" मग ते औषधाच्या दुकानात जातात. तिथून एकाच पंपात घालायला कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक आणि औषध पातीला धरून ठेवणारं स्टिकर अशी चार बाटल्यांची पिशवी मिळते. चारातलं एक कधी कधी लागू पडतं. कुठलं लागू पडलं हे मात्र कळायला मार्ग नसतो, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा चारही.

एकदा त्यांच्या रानात बसून मी पाहिलं. कांद्याची मधली दोन कोवळी पानं जिथं एकमेकांना चिकटलेली असतात, तो पोंगा हळूच उकलला आणि खिशातल्या पट्टीच्या कोऱ्या बाजूवर झटकला. कागदावर पिवळसर बारीक रेघा पडल्या. क्षणभरानं त्या चालायला लागल्या. हे फुलकिडे, बोलीत सरळ थ्रिप्स. मोठा झालेला जेमतेम एक मिलिमीटर, भुरकट रंगाचा. पिल्लं फिकट पिवळी, बिनपंखांची. मोठ्यांचे पंखही नावालाच, एक दांडी आणि तिला दोन्ही बाजूंनी केसांची झालर. स्वतःच्या बळावर तो फार लांब उडत नाही, वारा नेईल तिकडे जातो. सगळ्यात चमत्कारिक त्याचं तोंड. त्याला जबडा डावाच असतो, उजवा वाढतच नाही. त्या एकुलत्या सुळ्यानं पातीची साल खरवडायची, भोक पाडायचं आणि पेशीतला रस ओढून घ्यायचा. रिकाम्या पेशींत हवा भरते, म्हणून पातीवर ते चंदेरी-पांढरे चट्टे दिसतात. मामा त्याला 'पात वाळली' म्हणतात. खरं तर ती आतून रिती झालेली असते.

हा किडा फवाऱ्याला पुरून का उरतो, हे त्याचं राहणीमान पाहिलं की समजतं. अंडी तो पातीच्या आत खुपसून घालतो, तिथं औषध पोचत नाही. पिल्लं आणि मोठे पोंग्याच्या बेचक्यात, तिथं थेंब शिरत नाही. कोषाच्या अवस्थेत तो जमिनीत उतरतो, तिथं आपण फवारतच नाही. त्यातून कांद्याच्या पातीवर मेणाचा थर, त्यावरून पाणी घरंगळून जातं. स्टिकर घालायचं ते यासाठी. मेण कमी असलेल्या, चकचकीत हिरव्या पातीच्या कांद्यावर फुलकिडे कमी बसतात असं आढळलंय, पण मेण म्हणजे कांद्याचा अंगरखाच, ऊन-वाऱ्यात पाणी धरून ठेवणारा. ते सोलापूरच्या हवेत कुणी सोडून द्यायला सांगू नये. उष्ण, कोरड्या दिवसांत याची एक पिढी दोन-तीन आठवड्यांत उरकते, आणि बऱ्याच ठिकाणी माद्यांना नराचीही गरज लागत नाही. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची शिफारस अशी की झाडामागं सरासरी तीस फुलकिडे दिसेपर्यंत पंपाला हात लावायचा नाही. मी मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मोजायला तू ये."

फुलकिडा एकटा असता तर परवडला असता. तो एक विषाणूही वाहून नेतो, आयरिस यलो स्पॉट नावाचा. पिल्लू असताना रोगट पात खाल्ली तरच तो विषाणू त्याच्या अंगी मुरतो, आणि मोठं झाल्यावर तो जन्मभर वाटत फिरतो. आपल्याकडे 2006 मध्ये जालना आणि नाशिक भागातल्या कांद्यावर त्याची नोंद झाली. बी धरायला ठेवलेल्या डेंगळ्यांच्या दांड्यांवर दोन्हीकडं निमुळते होणारे गवती रंगाचे डाग पडतात आणि दांडी तिथंच मोडते. विषाणूवर औषध नाही. बीवाल्यांची झोप उडते ती यानं.

आता इथला पाऊस पाहा. वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर, त्यात सप्टेंबरचा वाटा सगळ्यात मोठा, म्हणजे नेमका खरिपाचा कांदा रानात असताना आणि रांगड्याचं, म्हणजे खरीप-रब्बीच्या मधल्या कांद्याचं, रोप लागवडीला आलेलं असताना. एक चांगला दणका आला की पातीवरचे फुलकिडे धुऊन जातात, कुठल्याही बाटलीपेक्षा स्वस्तात. पण तोच पाऊस पात ओली ठेवतो, पाणी साचवतो, आणि मग बुरशीची पाळी. कोरडं साल फुलकिड्याचं, ओलं साल करप्याचं. तुषार सिंचनाचंही तसंच. किडा कमी होतो, करपा वाढतो. शेतकरी दोन्हीकडून पाहतो आणि दोन्हीकडं खर्चच दिसतो.

करपा म्हणून जे सरसकट बोललं जातं त्यात निदान तीन वेगळ्या बुरशा आहेत. जांभळा करपा अल्टरनेरिया पोरी या बुरशीचा. पातीवर आधी खोलगट पांढुरका ठिपका पडतो, तो लांबट होतो, मध्ये जांभळट रंग चढतो, कडेनं पिवळी झाक, आणि नीट पाहिलं तर आत एकात एक कड्या दिसतात. पात त्या जागी काटकोनात मोडून लोंबते. तपकिरी करपा स्टेम्फिलियमचा, तो जास्त करून थंडीतला, पिवळट-तपकिरी लांब चट्ट्यांचा. तिसरा काळा करपा, कोलेटोट्रायकमचा, पाणी साचलेल्या खरिपात. त्यात पानं गोल गोल पिळवटतात, मान लांबते आणि कांदा गोल व्हायच्या ऐवजी मुळ्यासारखा उभा वाढतो. असला माल यार्डात आला की हमालसुद्धा हसतात. जांभळ्या करप्याला रात्रभर ओली पात लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सीना-भीमेच्या काठाला पहाटे जी धुई धरते आणि आठ-नऊ वाजेपर्यंत दहिवर सुकत नाही, तेवढं त्याला पुरतं. फुलकिड्यानं खरवडून ठेवलेली पात असेल तर त्याचं काम आणखी सोपं.

इथं मी मामांशी भांडतो ते युरियावरून. शेजाऱ्याचा कांदा पोसलेला दिसला की हेही महिना-दीड महिन्यानंतर आणखी एक गोणी सोडतात. पात लुसलुशीत होते, फुलकिड्यांची चंगळ. मान जाड होते, आणि जाड मान शेवटपर्यंत मिटत नाही. तीच ती मान, जिच्यावर पुढं खरेदीदाराचा अंगठा बसणार असतो.

उघड्या मानेतून जे आत शिरतं ते बहुतेक वेळा जिवाणू असतं. बाहेरून कांदा लालबुंद, चकाकता. फोडला तर मधला एकच पापुद्रा पिवळट, गिळगिळीत, त्याच्या अलीकडचा-पलीकडचा ठणठणीत. याचं कारण कांद्याची घडण. प्रत्येक पापुद्रा म्हणजे एकेका पानाचं बूड; वर ज्या पानाच्या नळीतून पाणी आणि जिवाणू उतरले, खाली तोच पापुद्रा सडतो. वास आंबूस, शिरक्याकडं झुकणारा. 1950 साली न्यूयॉर्क राज्यात वॉल्टर बर्कहोल्डर नावाच्या शास्त्रज्ञानं असल्या आंबूस सडीचा जिवाणू शोधून त्याचं वर्णन केलं, आणि कांद्याच्या लॅटिन नावावरून त्याला सेपेशिया म्हटलं. पुढं तोच जिवाणू सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसं खराब करणाऱ्या जन्मजात आजाराच्या रुग्णांत जीवघेणा ठरला, आणि 1992 मध्ये त्याच्या गटाला बर्कहोल्डेरिया हे नाव मिळालं. कांद्याच्या ढिगापासून दवाखान्याच्या अतिदक्षता विभागापर्यंत गेलेलं हे एकच नाव. आमच्या यार्डात त्याला नुसतं 'पाणी सुटलंय' म्हणतात, आणि खरेदीदाराच्या नाकाला ते प्रयोगशाळेच्या आधी कळतं.

घरोघरी सगळ्यांना ठाऊक असलेला कांद्याचा रोग म्हणजे काजळी. सालीखालचा तो काळा भुकटा, ॲस्परजिलस नायजर. तिशीच्या वरचं तापमान आणि थोडी दमट हवा तिला फार मानवते, म्हणजे पावसाळ्यात कांदा साठवायची चाळ कोंदट असली की झालंच. 2021 मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत फोनवर एक मेसेज फिरत होता, की कांद्यावरची ही काळी बुरशी म्हणजेच माणसाला होणारा 'ब्लॅक फंगस'. ते खोटं होतं. म्युकरमायकोसिस करणाऱ्या बुरशा वेगळ्या कुळातल्या. पण तो मेसेज वाचून बायांनी कांदा घ्यायचा थांबवला होता, हे मी पाहिलंय. गंमत अशी की जगातलं बहुतेक सायट्रिक ॲसिड, म्हणजे वाण्याकडं मिळणारं लिंबूसत्त्व, गेली शंभरएक वर्षं याच बुरशीकडून बनवून घेतलं जातं. काजळीला घाबरून कांदा टाकणारा माणूस संध्याकाळी बाटलीतलं लिंबू सरबत पितो. अर्थात काजळी खोल आत उतरली असेल, कांदा मऊ झाला असेल, तर तो टाकावाच; वरवरची असेल तर दोन पापुद्रे काढून धुवावा, एवढा साधा हिशेब आहे.

लाल कांदा पिकवणाऱ्यांना कांद्याच्या साली फेकताना माहीत नसते अशी एक गोष्ट. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये वनस्पतिरोगांचे अभ्यासक जे. सी. वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसत होतं की पांढऱ्या कांद्यावर काळे ठिपके पाडणारी एक बुरशी लाल-पिवळ्या कांद्याला सहसा शिवत नाही. 1929 मध्ये त्यांनी रंगीत कांद्याच्या सुक्या सालीतून प्रोटोकॅटेच्युइक आम्ल वेगळं काढून दाखवलं. जमिनीच्या ओलाव्यात ते सालीतून पाझरतं आणि बुरशीचे बीजाणू रुजायच्या आधीच मारतं. वनस्पती रसायनाच्या जोरावर रोग कसा रोखते, याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण म्हणून शिकवतात. काजळीपुढं मात्र या सालीचं काही चालत नाही. ती साल मेलेली असते, कुरकुरीत, फुंकर मारली की उडणारी. यार्डात संध्याकाळी तिचा थर गुडघ्याएवढा साचतो आणि झाडूवाल्या मावश्या तो ढकलत नेतात.

आणि उलटही घडतं. कांदा-लसणाचा जो उग्र वास आपल्या डोळ्यांत पाणी आणतो, तो खाणाऱ्याला पळवून लावण्यासाठी. पण थंड देशांत त्याच वासाचा माग काढत कांदामाशी शेतात येते आणि बुडाशी अंडी घालते. पांढऱ्या कुजीची बुरशी तर त्याहून चिवट. तिचे खसखशीएवढे काळे दाणे जमिनीत वीस वर्षं आणि त्याहून जास्त गप्प पडून राहतात. गहू लावा, बटाटा लावा, ते हलत नाहीत. कांदा किंवा लसूण लावला की मुळांतून झिरपणाऱ्या गंधकयुक्त द्रव्यांचा वास लागतो आणि ते जागे होतात. परदेशात यावर एक डाव शोधून काढलाय: रिकाम्या रानात लसणाच्या वासाचं द्रव्य जमिनीत सोडायचं. दाणे फसतात, रुजतात, खायला काहीच नाही, मरतात. आपल्या तापलेल्या रानात ही बुरशी फारशी जोर धरत नाही. इथं तिची जागा दुसरी एक पांढरी बुरशी घेते, जी कांद्यावरच नाही तर भुईमुगावरही येते. त्यामुळे शेंगांच्या रानात लगेच कांदा लावू नये म्हणतात ते उगीच नव्हे.

लीक, शॅलट वगैरे मंडळी सोलापुरात कुणी लावत नाही, त्यांचा तांबेरा आणि त्यांची पतंगाची अळी त्यांच्यापाशी. लसणाचं मात्र बोललं पाहिजे. शेंगाचटणीच्या घरात लसूण बारमाही लागतो, आणि उन्हाळ्यानंतर काही गड्ड्यांतल्या पाकळ्या आतल्या आत सुकून पिवळट, चामट झालेल्या निघतात. आई म्हणायची उष्णतेनं वाळला. पुष्कळदा ते काम डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्याचं (माइट) असतं. तो शेतातूनच पाकळीत बसून येतो आणि तीच पाकळी पुढं लावली की नव्या रानात उतरतो. तिथं पानं वेडीवाकडी होतात, पोंग्यातून सुटी होत नाहीत.

आता भावाचं. काढणीची पद्धत कागदावर सगळ्यांना पाठ आहे. पाणी आधी तोडायचं. खरिपात पात आपोआप पडत नाही, म्हणून रिकामं बॅरल फिरवून माना पाडायच्या आणि दोन-तीन दिवस थांबायचं. उपटलेला कांदा ओळीनं असा मांडायचा की पुढच्या ओळीची पात मागच्या कांद्यावर येईल, म्हणजे ऊन लागणार नाही. तीन-चार दिवसांनी इंच-सव्वा इंच मान ठेवून पात कापायची, मग सावलीत सुकवायचा. एवढं झालं की मान मिटते, वरचे पापुद्रे कोरडे होतात आणि निम्म्या रोगांना आत जायला वाट राहत नाही.

होतं काय? आज चढा भाव निघाला की रात्रीत फोन फिरतात. उद्या पहाटे मजूर, परवा पहाटे यार्ड. काल पाणी दिलेल्या रानातला, ओल्या मानेचा, मातीसकट भरलेला कांदा कट्ट्यात कोंबला जातो आणि रात्रभर ताडपत्रीखाली वाफाळत येतो. मान अगदी बुडाशी कापलेली, कारण वरची पात कोण वाहून आणणार? उलटंही होतं. 7 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी जाहीर झाली, भाव कोसळले, आणि आणखी पडायच्या आत विकू म्हणून कच्चा माल उपसला गेला. लाल कांदा टिकत नाही, त्यामुळे थांबायची सोयही नाही. चढा भाव घाई करतो, पडता भाव त्याहून जास्त. मी पट्टी लिहितो तेव्हा त्यात 'सड' म्हणून वेगळा रकाना नसतो. ती भावातच कापली गेलेली असते. त्यामुळे गावी गेल्यावर माणूस म्हणतो बाजारानं मारलं, आणि बाजारातला म्हणतो माल पाणी सुटलेला होता. दोघंही खरं बोलतात.

मी शेतकऱ्याला दोष देतोय असं मामांना वाटतं. मजुरीचं, सोसायटीच्या हप्त्याचं, पोरीच्या फीचं ओझं अंगावर असताना दहा दिवस कांदा सावलीत सुकवत बसा म्हणणं मला खुर्चीवरून सोपं जातं, हे त्यांचं म्हणणं मला मान्यच आहे. माझं एवढंच की मग चार बाटल्यांच्या पिशवीवर तरी पैसे घालू नका. मोडलेली कडी औषधानं बसत नाही.

यंदा त्यांनी माझं निम्मं ऐकलं. युरियाची शेवटची गोणी आणली नाही. फुलकिडे वाऱ्यावर येतात म्हणून कांद्याभोवती बाहेरून मका आणि आतून गहू असं कुंपण लावायची शिफारस आहे, लागवडीच्या महिनाभर आधी पेरून. मक्याच्या ओळीत किती कट्टे कांदा बसला असता याचा हिशेब मामींनी तोंडी करून दाखवला, आणि मका बारगळला. त्याऐवजी पश्चिमेच्या बांधाला मामांनी शाळू पेरला, तोही महिनाभर आधी नाही, कांद्याबरोबरच. शाळू उंच होतो, वारा अडवतो, असं ते म्हणतात. फुलकिड्यांनी ते ऐकलंय की नाही हे जानेवारीत पात झटकल्यावर कळेल. हुरडा मिळणार म्हणून त्यांच्या नातवानं मात्र आतापासूनच मित्रांना आवतण दिलंय.